गाडी धुवायला असतो

"हात लावू नकोस. पॉलिश केलंय."

धाकटे मालक असं म्हणाले तेव्हा माझा हात बॉनेटच्या कडीवर होता. कडी नीट बसली नव्हती, ती मी दाबत होतो. कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. भोवती पुण्या-मुंबईचे पाहुणे. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"हा? गाडी धुवायला असतो."

मी हात मागं घेतला. बेचाळीस वर्षांचा माणूस मी. तो तिशीतला. मी त्याला मालक म्हणायचो, तो मला अरे-तुरे करायचा.

गाडी मी धुतली होती, खोटं नाही. पण धुण्याआधी ती गाडी नव्हतीच. माळशिरसकडं मालकांची बागायत. तिथल्या शेडमध्ये कडब्याखाली आजोबांच्या वेळची ही विलायती गाडी सडत पडलेली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. इंजिन गंजून दगड झालेलं. थोरल्या मालकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ती होटगी रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात आणून टाकली. मी तिथं पगारी मिस्त्री.

माझा बाप मोहोळकडं लोकांच्या विहिरींवरची इंजिनं चालवायचा. नुसत्या आवाजावरनं बिघाड ओळखायचा. ते कान माझ्याकडं आले. बाकी त्याच्याकडं द्यायला काही नव्हतं.

रोज सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवायचो. सतराव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. त्या गाडीचं बेअरिंग बाजारात मिळत नाही. आत पांढरा धातू वितळवून ओतावा लागतो. ते काम येणारी माणसं मरून गेली. मीच ओतला. पहिल्यांदा फसला. दुसऱ्यांदा मनगटावर उडाला, कातडी सोलून निघाली. तिसऱ्यांदा बसला. हेडचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातनं कापलं. दोन वर्षं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी एकटाच होतो. बॉनेटवर कपाळ टेकवून रडलो.

धाकटे मालक तेव्हा परदेशात शिकत होते. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी आले.

मैदानावर जाताना गाडी नवी पेठेच्या भर बाजारातनं नेली. ते चालवत होते. लोक दुकानांतनं बाहेर येऊन मोबाइल धरून उभे. मी मागनं स्कूटरवर, पाण्याचा कॅन आणि पान्यांची पिशवी घेऊन. गाडी बंद पडली तर. मला ती रस्त्यावर एकदाही चालवू दिली नव्हती. कंपाउंडमध्ये पुढं-मागं, तेवढीच. नवी पेठेत मी गाडीकडं बघितलंच नाही. त्याच्या हाताकडं बघत होतो. स्टिअरिंगवरच्या त्या गोऱ्या, मऊ हाताकडं.

मैदानावर फोटोवाला आला. धाकट्या मालकांनी मिस्त्री घालतात तसला, पण पांढरा डांगरीचा ड्रेस घातला होता, खिशावर नाव विणलेलं. त्यांनी माझ्या ऑइलच्या डब्यात बोट बुडवलं आणि स्वतःच्या गालावर ओढलं. काळा पट्टा. मग हसले. फोटो निघाला.

त्या पट्ट्यावर मी जळलो. आधी राग आलाच नाही, खरं सांगतो. मत्सर आला. माझ्या नखांतलं काळं वीस वर्षं निघत नाही. लग्नात जेवताना मी हात लपवतो. आणि त्यानं एका बोटात ते उचललं, आणि त्याच्या गालावर ते शोभलं. मला त्याची गाडी नको होती, बंगला नको होता. तो डाग लावून जसा तो ताठ उभा राहिला, तसं उभं राहणं हवं होतं.

मग परीक्षक आले. पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ. इंजिनला कान लावला. म्हणाले, "बेअरिंगचं काय केलंत? हे तर मिळत नाही."

धाकटे मालक इंग्रजीत काहीतरी बोलले. म्हाताऱ्यांचं समाधान झालं नाही. परत तेच विचारलं. तसे धाकटे मालक गाडीला वळसा घालून माझ्याकडं आले. हळूच म्हणाले, "काय केलेलं रे? पटकन सांग."

माझा हातच नाही, आता माझी जीभपण पाहिजे होती त्याला.

"सांगतो की," मी म्हटलं. "पर त्यास्नी सांगतो. तुमाला न्हाय."

आणि परीक्षकांकडं गेलो. "सायेब, ह्ये इंजिन म्या बांधलंय," म्हणालो. धातू किती तापवला, साचा कसा धरला, सगळं सांगितलं. मनगट दाखवलं. म्हाताऱ्यांनी मनगट हातात धरून बघितलं. त्या पाहुण्या बाई खाली बघत होत्या.

कप धाकट्या मालकांनाच मिळाला. बक्षीस गाडीच्या मालकाला असतं, मिस्त्रीला नसतं. असा नियम आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी थोरल्या मालकांनी बोलावलं. "चार लोकांत अब्रू घालवलीस आमची. त्याची माफी माग, विषय संपला."

मी म्हटलं, "त्येनं मागावी. धुवायला असतो म्हनला मला."

"मग काय म्हणायचं तुला?"

"मिस्त्री म्हनायचं की."

गॅरेजच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो.

आता अक्कलकोट रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. सुखाचं आहे असं नाही. सहा महिने नुसती स्कूटरची कामं केली. तो फोटो एका मासिकात आला, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. जळतो मी. अजून जळतो. मत्सर वाईट असतो म्हणणाऱ्याला बहुतेक कुणी काही चोरलेलं नसतं.

त्या फोटोनंतर अक्षरं ठोकायचे पोलादी ठसे आणले. इंजिन बांधून झालं की त्याच्या अंगावर माझं नाव ठोकतो. आडनावासकट. त्यावरनं जात कळते, तर कळू दे. परवा पुण्याचे एक डॉक्टर माझ्याकडं बांधायला दिलेली जुनी गाडी न्यायला आले. नाव बघून म्हणाले, "आडनाव कशाला? नुसतं नाव पुरे. घासून टाका तेवढं."

मी हातातला हातोडा खाली ठेवला नाही.

"घासायचं नाव काढू नका," म्हटलं. "गाडी न्यायची तर आडनावासकट न्या. न्हायतर हितंच राहू द्या. पुन्हा खोलून सुटी करून ठेवतो."