विष्णुपूरचा डाव

आमच्या शेजारच्या सुनीतीवहिनी मसुरकरांना घरात बसणारी बाई म्हणून कोणी ओळखत असेल, तर ते विष्णुपूरच्या आधीचं. नंतरच्या वहिनी वेगळ्या होत्या. हा बदल झाला तेव्हा मी तिथे हजर होते, म्हणून सांगते.

वहिनी मूळच्या सावंतवाडीच्या. त्यांचे यजमान श्यामकांत आणि माझे यजमान, दोघेही कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. श्यामकांतभावजी भला माणूस, पण घड्याळाचा गुलाम. गाडी सुटायच्या कितीतरी आधी ते फलाटावर ट्रंकेवर बसलेले असायचे. रेल्वेचा पास दरवर्षी वाडीला जाण्यायेण्यातच संपायचा. त्यामुळे इतकी वर्षं कलकत्त्यात काढूनही वहिनींनी बंगाल पाहिला तो कालीघाट, मासळीबाजार आणि गोदीतली जहाजं एवढाच.

त्रेपन्न साली उन्हाळ्यात भावजींना रजा मिळाली नाही आणि पास शिल्लक राहिला. खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी वहिनींना द्वारकेश्वर नदीच्या खोऱ्यातल्या विष्णुपूरबद्दल सांगितलं होतं. तिथे जुन्या राजांनी बांधलेली विटांची देवळं आहेत, मोठमोठे तलाव आहेत. वहिनींनी थंडीत तिकडे जायचं ठरवलं. पडकी देवळं काय बघायची, असं भावजींचं म्हणणं होतं. मग वहिनींनी मला सोबतीला घेतलं, आणि दोघी बायका एकट्या कशा जाणार म्हणून भावजीही निघाले.

रात्रीच्या पॅसेंजरने आम्ही सकाळी विष्णुपूरला उतरलो. तांबडी माती पाहूनच वहिनी खूश झाल्या. अगदी वाडीसारखी, म्हणाल्या. रस्त्याकडेला एक माणूस खजुरीचा ताजा रस विकत होता. गार, गोड रस पिऊन आम्ही देवळं बघायला निघालो. देवळांच्या भिंतींवर भाजलेल्या मातीची चित्रं, इंचभरही जागा मोकळी नाही. नावा, शिकारी, राम-रावणाचं युद्ध, ढोल वाजवणाऱ्या बायका. वहिनी प्रत्येक भिंतीपाशी थांबायच्या, मान वर करून बघायच्या आणि मला हाक मारायच्या. भावजी सावलीत संत्री सोलत बसले होते. तलावावर वहिनींनी लुगडं जरासं वर धरून गुडघाभर पाण्यात जाऊन घेतलं.

जेवून परतताना एका गल्लीत ओट्यावर बसलेले एक म्हातारे चित्रकार दिसले. निताईबाबू त्यांचं नाव. ते दशावतारांचे गोल पत्ते रंगवत होते. वहिनी चालता चालता थबकल्या.

वाडीला त्यांच्या वडिलांकडे दुपारी गंजिफाचा डाव पडायचा. असेच गोल पत्ते, असेच दशावतार. लहानगी सुनीती पाणी द्यायच्या निमित्ताने वडिलांच्या पाठीमागे उभी राहायची, आणि बघून बघूनच सगळा खेळ शिकली होती. एकदा तिने खेळायला मागितलं, तर सगळे हसले होते. पत्ते हातात धरायला तिला कधीच मिळाले नाहीत.

आता वहिनी मोडक्यातोडक्या बंगालीत एकेक अवतार ओळखून सांगू लागल्या. मत्स्य, कूर्म, वराह. जगन्नाथाच्या पत्त्यापाशी मात्र अडल्या, कारण वाडीच्या पत्त्यांत तो नव्हता. निताईबाबूंनी कुंचला खाली ठेवला आणि दिवसा खेळताना पहिला मान कोणाचा, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, रामाचा. म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांच्या बरोबरीचे खेळणारे एकेक करून गेले होते, आणि मुलाला एकट्याला घेऊन खेळ होत नव्हता. त्यांनी मुलाला चटई आणायला सांगितलं.

त्यांच्या पद्धतीने खेळायला पाच जण लागत. निताईबाबू, त्यांचा मुलगा, वहिनी आणि वहिनींच्या सांगण्यावरून पत्ता टाकणारी मी. सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं. ते घड्याळ हातात धरून उभे होते.

"अगं, गाडीची वेळ होत आली," ते म्हणाले.

वहिनींनी मान वर केली नाही. पत्ते त्यांच्या हातात आलेले होते. "तुम्ही पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "हा डाव खेळल्याशिवाय मी उठणार नाही."

त्यांना भावजींशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. भावजींनीही नसावं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. मग त्यांनी बूट काढले आणि चटईवर येऊन बसले.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी सांगते ना," वहिनी म्हणाल्या.

पहिला डाव निताईबाबूंनी जिंकला. मधूनच नियमांवरून त्यांची आणि वहिनींची जुंपायची, ती बंगालीत सुरू व्हायची आणि मालवणीत संपायची. एकमेकांचं कळत होतं की नाही देव जाणे, पण दोघेही मजेत होते. दुसरा डाव रंगात आला असताना लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली. भावजींनी क्षणभर मान वर केली. मग हातातल्या पत्त्यांकडे पाहत म्हणाले, "आता पाळी कोणाची?"

तो डाव वहिनींनी जिंकला. आम्ही पुढच्या गाडीने परतलो. वाटेत भावजी वहिनींना एकेक अवतार पुन्हा विचारून घेत होते.

नंतर निताईबाबूंनी खास वहिनींसाठी रंगवलेला संच पाठवला आणि रविवारी मसुरकरांकडे बैठक भरू लागली. पण वहिनींना खरी चटक लागली ती भटकंतीची. दर थंडीत त्या आमच्या मराठी बायकांना घेऊन निघायच्या. पाँचमुडा गावचे मातीचे घोडे घडताना आम्ही त्यांच्यामुळेच पाहिले. गाड्यांची वेळापत्रकं भावजी बसवून द्यायचे आणि डबेही उचलायचे.

सत्तावन्न साली आम्ही शुशुनिया डोंगरावर गेलो. वहिनींनी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती, तरी सगळ्यांच्या पुढे त्याच. नुकत्याच बदलून आलेल्या बँकेतल्या साहेबांच्या पत्नी, मीनाक्षीबाई, धापा टाकत वर पोचल्या. वहिनींनी त्यांना श्वास घेऊ दिला, पदर खोचला आणि फुगडीसाठी हात पुढे केले. मीनाक्षीबाई आधी लाजल्या, मग अशा गरगर फिरल्या की अंबाडा सुटला. सालवृक्षाची पानं गोळा करणाऱ्या दोन संथाळ मुली भारे टाकून बघत होत्या. वहिनींनी त्यांनाही खुणेने बोलावलं. त्या हसत हसत आल्या, एकमेकींचे हात धरले आणि आमच्या शेजारीच फिरू लागल्या.