साडी बांधून धरलेली जागा

माझी बाळंतपणाची रजा दोन महिन्यांत संपणार होती आणि घरात कुणालाच काही नक्की ठाऊक नव्हतं. नवऱ्याची बदली बडोद्याहून बाहेरगावी, दहेजला होणार होती, किंवा नव्हती. त्याचे साहेब दर सोमवारी मत बदलत. दांडिया बाजारातल्या सासूबाई नातीला सांभाळायला एका पायावर तयार होत्या, पण दुसऱ्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, ते डॉक्टर सांगेनात. माझ्या मकरपुऱ्याच्या कंपनीत मात्र सगळं नक्की होतं. ठरल्या दिवशी हजर झाले नाही, तर लॅबमधली माझी खुर्ची गेली.

म्हणून कारेलीबागेतलं एक घोडियाघर गाठलं. बडोद्यात पाळणाघराला आम्ही मराठी माणसंही घोडियाघरच म्हणतो, कारण तिथे पाळणा नसतो, साडीची झोळी बांधलेलं घोडियुं असतं. ते चालवणाऱ्या काकींनी विचारलं, "कई तारीखथी?" मी आमची सगळी रडकथा ऐकवली. ऐकता ऐकता त्या तीन बाळांना एकाच दोरीने झोके देत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जूनी साडी आपी जाव, बेन. पहेरेली, धोयेली नहीं." आईच्या वासाची साडी घोडियाला बांधली की जागा धरली, तारीख मागाहून कळवा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसं.

पंचाईत अशी, की मी साड्या नेसतच नाही. कपाटात होत्या त्या लग्नातल्या, जरीच्या. सासूबाईंनी स्वतःची मऊ सुती साडी काढून दिली आणि वर सुनावलं, "या निमित्ताने तरी नेसशील." वास लागावा म्हणून ती नेसून मी दोन दिवस घरभर अडखळत फिरले. नवरा म्हणाला, "छान दिसतेस." मी म्हटलं, "तू आधी बदलीचं विचार."

बदली रद्द झाल्याचं कळलं ते रजेच्या शेवटच्या शुक्रवारी. सोमवारी सकाळी पोरीला घेऊन गेले, तर मी बांधायला दिलेल्या साडीत भलतंच बाळ घोरत पडलेलं. "खाली राखीने शुं करुं?" झोळी रिकामी ठेवून काय करू, असं म्हणत काकींनी त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं. घरी तासभर थोपटल्याशिवाय डोळा न मिटणारी माझी लेक त्या झोळीत दोन मिनिटांत झोपली. ती रडेल याची मी मनाची तयारी केली होती. हे मात्र ध्यानीमनी नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये मीच रडले. फार वाईट वाटत होतं आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सगळं सुरळीत पार पडलं होतं.

संध्याकाळी घ्यायला गेले. मला बघताच तिने तोंड वाकडं केलं आणि अख्खी कारेलीबाग ऐकेल असं भोकाड पसरलं. "आखो दिवस एके वार नथी रडी," दिवसभरात एकदाही न रडलेल्या पोरीकडे बघत काकी चकित होऊन म्हणाल्या. मी तिला छातीशी धरलं. ती आणखी जोरात रडली, आणि मला इतकं बरं वाटलं की काकींकडे बघायची लाज वाटली.