आम्हा दोघांना तुमची जागा आवडली

शाळेतली तासिकेवरची नोकरी गेली, तेव्हा परभणीतल्या एका प्लॉटच्या व्यापाऱ्याकडे मी पत्रं लिहायच्या कामाला लागले. शहराभोवतीच्या जुन्या लेआउटमधले रिकामे प्लॉट शेठ हेरायचे. मालक बहुतेक बाहेरगावी असत. त्यांची नावं-पत्ते कुठून कुठून मिळवून ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. छापील कागद कुणी वाचत नाही, फोन केला की लोक दलाल समजून कट करतात, पण बाईच्या हातचं पत्र माणूस शेवटपर्यंत वाचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं निघालं.

मजकूर त्यांनीच सांगितलेला. मला आणि माझ्या पतींना परभणीत छोटंसं घर बांधायचं आहे, येता-जाता तुमची जागा पाहिली, आम्हा दोघांना आवडली, विकायची असल्यास कळवा. माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तसं म्हणाले, तर शेठ हसले आणि पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. काही दिवसांनी हात आपोआप चालायला लागला.

उत्तरं फार थोडी यायची. पूर्णेहून आलेलं मात्र चार पानी होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. पेडगावच्या रस्त्याला त्यांचा प्लॉट होता. तिथं घर बांधायचं त्यांच्या बायकोच्या मनात होतं, ती वारली. दलालांना त्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं. पण तुम्ही नवरा-बायको स्वतः राहणार असाल, तर मी किमतीसाठी अडून बसणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

शेठनी मला पूर्णेला पाठवलं. सोबत नवरा म्हणून त्यांचा भाचा दिला. गळ्यात घालायला बाजारातून खोटं मंगळसूत्र आणलं होतं.

गार्डसाहेबांनी चहा स्वतः केला. मग वहीचा एक कागद आणून माझ्यापुढे पसरला. त्यावर बायकोनं पेन्सिलीनं घर काढलं होतं. पूर्वेला स्वयंपाकघर, मागं ओसरी, ओसरीला जाईचा वेल. भाचा नुसती मान हलवत होता.

"बांधाल ना, माय? का निस्तं पडीक ठेवाल?" त्यांनी मला विचारलं.

"बांधू," मी म्हणाले.

त्याच दुपारी इसारपावती झाली. खरेदी आम्ही सांगू त्याच्या नावानं होईल, असं त्यात खाली लिहिलेलं होतं. त्यांनी न वाचता सही केली आणि तो वहीचा कागद माझ्या हातात दिला. मी घेतला.

रजिस्ट्रीच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. माझ्या ओटीसाठी नारळ आणि ब्लाउजपीस आणलं होतं. कारकुनानं घेणाऱ्याचं नाव वाचलं, ते शेठचं. चूक झाली असेल, असं गार्डसाहेबांना वाटलं. शेठनी पावतीतली ओळ दाखवली. मग ते माझ्याकडे वळले. मी शेठकडे नोकरीला आहे, असं मला सांगावंच लागलं. व्यवहार मोडता आला असता कदाचित, पण कोर्टाच्या खेपा घालायला त्यांच्यामागं कुणी नव्हतं. त्यांनी अंगठे दिले, फोटो काढू दिला.

"पत्र तुमीच लिहिलं हुतं का?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"अक्षर लय चांगलं हाय तुमचं."

आवाजात राग नव्हता. नारळ पिशवीतच ठेवून ते स्टेशनकडे चालत गेले.

प्लॉटचे दोन तुकडे झाले. आज तिथं फरशीचं गोदाम आहे. मी त्याच दिवशी काम सोडलं, असं सांगायला मला आवडलं असतं. सोडलं नाही. उलट पुढच्या पत्रांत ओसरी आणि जाईच्या वेलाची एक ओळ घातली. ती मीच सुचवली होती. तिनं उत्तरं वाढली, शेठ खूश झाले.

पुढं गावातले दुसरे व्यापारीही तसलीच पत्रं पाठवायला लागले आणि लोक उत्तर देईनासे झाले. शेठनी एका शनिवारी मला सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. त्या रात्री रागानं मला घास गेला नाही. रजिस्ट्रीच्या त्या दिवशी मी व्यवस्थित जेवले होते.