एका श्वासाचे पुनरागमन

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी कबड्डीच्या मैदानात पुनरागमन केले आणि ते बरोबर एक श्वास टिकले. त्या एका श्वासात आमच्या शाळेचा संघ हरला, माझी तीस वर्षांची कीर्ती गेली आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरले. यांपैकी एकही गोष्ट करण्याचा माझा विचार नव्हता.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य. मी अहेरीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. विद्यार्थिदशेत नागपूरच्या पाठशाळेत असताना मी हुतूतू खेळत होतो, आणि एकदा एका चढाईत चौघांना बाद करून परत आलो होतो. ही हकिकत मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. (सत्याचा मान राखून नमूद करतो की प्रथम सांगितली तेव्हा त्या गड्यांची संख्या दोन होती.)

संक्रांतीनंतर आमचे शिक्षक आणि वनखात्याच्या कचेरीतील मंडळी यांच्यात दरवर्षी कबड्डीचा सामना होई. त्या वर्षी सामन्याला आठ दिवस उरले असताना गणिताचे सर सायकलवरून पडले आणि आमचे कवायतीचे मास्तर, मडावी, सायंकाळी माझ्या दारी आले.

"गुरुजी, एक गडी कमी पडून राह्यला जी. तुमी या."

"मडावी, माझे वय पाहता का?"

"चौघाले एका दमात मारलं म्हंता ना तुमी? आमाले दोन मारले तरी पुरे."

स्वतःच्या वाणीने बांधलेल्या पिंजऱ्यात माणूस कसा सापडतो, हे मला त्या क्षणी उमगले. मी शांतपणे म्हणालो, "पाहू."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "पाहूच म्हणतात हे, मडावी भाऊ. पोरीच्या सोयरिकीलेही तीन महिने झाले, पाहूच चालू आहे."

येथे सोयरिकीचा खुलासा करणे प्राप्त आहे. आमच्या शालिनीसाठी सुधाकर नावाचा मुलगा सांगून आला होता. वनखात्यात लिपिक, पत्रिका जुळलेली, घरची माणसे सात्त्विक. शालिनीलाही तो पसंत होता, आणि तसे तिने आईजवळ स्पष्ट सांगितले होते. माझी अडचण एवढीच की उन्हाळ्यात त्याची बदली एटापल्लीला होणार होती. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की तिकडची एस.टी. चार चार दिवस अडकून पडे. शिवाय जो निर्णय एकदा घेतल्यावर फिरवता येत नाही, तो घेण्यापूर्वी मनुष्याने पुरेसा काळ मौन पाळावे, असे माझे मत होते. मुलाकडच्यांनी मात्र निरोप धाडला होता की महिनाअखेरपर्यंत होकार आला नाही तर ते ब्रह्मपुरीचे दुसरे स्थळ पाहतील.

आणि हा सुधाकर वनखात्याच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळत असे. चढाईला आलेल्या गड्याचे घोटे पकडण्यात त्याचा हातखंडा होता.

"म्हणजे तो तुमाले धरणार," सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या. "धरलं, तर पोरगा उद्धट आहे म्हणाल. सोडलं, तर पोरात दम नाई म्हणाल. दोन्हीकडून माझ्याच पोरीचं वाटोळं. तुम्ही काऊन जाता हो मैदानात?"

शालिनी दाराशी उभी होती. ती हलकेच म्हणाली, "बाबा, नका ना खेळू."

इतका वेळ मी खरोखरच नकार देणार होतो. परंतु घरातल्या दोन स्त्रिया एका सुरात 'नको' म्हणाल्या की गृहस्थाच्या ठायी एक अकारण तेज संचारते. मी मडावींना म्हणालो, "येतो."

श्वासाची मला चिंता नव्हती. नित्य प्राणायामाने माझा कुंभक चांगला साधला होता. मडावी ज्याला 'दम' म्हणत, त्या शब्दाचा संस्कृतात अर्थ इंद्रियनिग्रह असा आहे, हे मी त्यांना सरावाच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगितले. ते म्हणाले, "ते ठीक हाये जी, पण मधात तुटला नाई पाहिजे." अर्थाच्या दृष्टीने दोघांचेही म्हणणे एकच होते, असे आज वाटते.

मी पहाटे संध्या आटोपून परसात, सूर्याभिमुख उभा राहून, एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणू लागलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुक्ताबाई कुंपणापाशी हात जोडून उभ्या होत्या.

"गुरुजी, हा कोणता जप हाये? आमच्या यायले बी सांगा. दम्यानं लय हैराण झाले."

मी खरे सांगणार होतो. पण त्यांच्या मुद्रेवरील श्रद्धा पाहून म्हणालो, "पाहू." दुसऱ्या दिवसापासून कुंपणापलीकडून त्यांच्या यजमानांचीही खोकत खोकत कबड्डी ऐकू येऊ लागली.

सामन्याच्या दिवशी शाळेमागच्या मैदानात गाव लोटले होते. एका बाजूला स्त्रिया सतरंजीवर बसल्या होत्या, त्यांत आमच्या घरच्या तिघी होत्या. (धाकटी तेव्हा आठवीत होती.) धोतर नेसून खेळण्यास पंचांनी, म्हणजे पोस्टमास्तर रामटेके यांनी, मनाई केल्यामुळे मी मडावींची खाकी अर्धी विजार परिधान केली होती. मडावींच्या कमरेत मी दोन वेळा मावलो असतो. ती विजार सुतळीने बांधून मी मैदानात उतरताच माझ्या नववीच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत आदर किती होता, याचा मी शोध घेतला नाही.

सामना फार चुरशीचा झाला, असे मला नंतर सांगण्यात आले. मी स्वतः पहिल्याच पकडीत एका वनरक्षकाच्या धक्क्याने बाद होऊन बराच काळ रेघेबाहेर बसून होतो. समोरचा एक गडी बाद झाल्यावर मी पुन्हा आत आलो, शेवटी आमचे बाकीचे गडी बाद होत गेले आणि अखेरच्या चढाईला आमच्याकडे मडावी आणि मी असे दोघेच उरलो. मडावींचा गुडघा सुजला होता. आम्ही एका गुणाने मागे होतो.

"गुरुजी, जा," मडावी म्हणाले. "दोन मारा. चौघांचं राहू द्या."

मी भूमीला वंदन केले, दीर्घ श्वास घेतला आणि 'कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडली. उच्चार स्पष्ट असावेत यावर माझा कटाक्ष होता.

"गुरुजी संध्या करून राह्यले का बे?" गर्दीतून कोणी विचारले.

"सुधाकर, सासऱ्याले धर."

"अबे धरशील तं पोरगी जाईन!"

डाव्या कोपऱ्यात सुधाकर उभा होता. त्याच्या मुखावर जे भाव होते ते मी धर्मसंकटावर शिकवताना वर्गात वर्णन करून सांगत असे, प्रत्यक्षात प्रथमच पाहत होतो. मी पुढे सरकलो आणि ईश्वरकृपेने माझा हात उजवीकडच्या एका जाड्या कारकुनाला लागला. एक बाद! परत पोहोचलो की बरोबरी. श्वास अजून भरपूर शिल्लक होता. मी मागे वळलो, मध्यरेषेकडे धावलो, आणि रेघ एका हातावर असताना कोणीतरी मागून झेप घेऊन माझे दोन्ही घोटे धरले.

तो सुधाकर होता. अखेर त्याने संघाशी इमान राखले होते.

येथे नियम सांगतो. मी दम न तोडता पुढे पडून नुसते बोट जरी रेघेला लावले असते, तरी मला धरणारा सुधाकरही बाद होऊन आम्ही जिंकलो असतो. मला काहीही करायचे नव्हते. केवळ पडायचे होते. माझ्या वयाला ते सहज साध्य होते.

परंतु झेपेच्या भरात सुधाकरचे कपाळ माझ्या पायांवर टेकले. दोन्ही हात घोट्यांवर आणि मस्तक चरणांवर, असा स्पर्श मी तीस वर्षे ओळखत होतो. शाळेत, देवळात, लग्नाकार्यात असा स्पर्श झाला की माझ्याकडून जे घडते ते तेथेही घडले. मी मागे वळलो. जो उजवा हात रेघेकडे जायचा, तो वर उचलला गेला. आणि भर मैदानात, खणखणीत स्वरात, मी म्हणालो,

"इष्टकामनासिद्धिरस्तु!"

मग रामटेके पंचांनी शिट्टी वाजवली. "दम तुटला. गुरुजी बाद."

निदान 'आयुष्मान् भव' म्हटले असते, तर प्रकरण तेथेच संपले असते. पण मडावी लंगडत पुढे आले आणि त्यांनी विचारले, "हे काय म्हटलं जी तुमी?"

मी उत्तर देण्यापूर्वी माझा नववीचा वर्ग एका सुरात गर्जला, "मनातली इच्छा पूर्ण होवो!"

त्या वर्गाने अचूक भाषांतर केल्याचे हे पहिले आणि अखेरचे उदाहरण होय.

सुधाकरने माझे पाय अजून सोडले नव्हते. धुळीने माखलेला चेहरा वर करून तो म्हणाला, "गुरुजी, हे खरं समजू का जी?"

त्याच्या मनात कोणती इच्छा आहे, हे ठाऊक नसलेला एकही मनुष्य त्या मैदानात नव्हता. दिवसातून दोनदा संध्या करणारा माणूस दिलेला आशीर्वाद परत घेऊ शकत नाही. मी अखेरचा आधार म्हणून ओठ उघडले, पण सतरंजीवरून आमच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या होत्या.

"आता पाहू म्हणाल ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "तं घरी येऊच नका."

त्यांच्या मागे शालिनी पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, ते मला विजार सावरण्याच्या गडबडीत दिसले नाही. "खरे समज," मी सुधाकरला म्हणालो. आणि तीन महिने जो निर्णय मला घेता आला नव्हता, तो घेतल्यावर मला अतिशय हलके वाटले.

वैशाखात लग्न झाले. एटापल्लीची एस.टी. पहिल्याच पावसाळ्यात पाच दिवस अडकली, आणि शालिनीचे पत्र आले की असे निवांत पाच दिवस तिला जन्मात मिळाले नव्हते. शिक्षकांच्या खोलीत मात्र माझ्या चार गड्यांची हकिकत कायमची बंद झाली. आजही कोणी पायाशी वाकले की मी प्रथम खाली चुन्याची रेघ आहे का ते पाहतो आणि मगच मुख उघडतो.

पुढच्या संक्रांतीनंतर मडावी पुन्हा दारी आले. गणिताचे सर पुन्हा सायकलवरून पडले होते.

"गुरुजी, एक गडी कमी पडून राह्यला जी."

मी काही बोलण्यापूर्वीच आतून आवाज आला. "अजिबात नाई, मडावी भाऊ. धाकटी अजून नववीत आहे."

मी स्वस्थ बसलो. मैदानात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, परंतु घरात माझा दम अद्याप एकदाही तुटलेला नाही.