कंपनीचं उष्टं

कत्तिरीचे, मद्रासच्या ऐन उन्हाळ्याचे दिवस. सूर्य वर येण्याआधीच भिंती तापलेल्या. पश्चिम ताम्बरमच्या त्या गल्लीत वारा म्हणून नव्हता. होता तो गटाराचा दर्प, आणि त्याच्यावर चढलेली नारायणस्वामी रावांच्या सांबाराची फोडणी. राव सोवळ्याचं ओलं धोतर नेसून, उघड्या अंगानं पळी चालवत होते. ओट्याशेजारच्या खिळ्याला पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा टांगलेला. मद्रासेत तिला कव्हर म्हणतात. सरकारनं बंदी घातली तरी कोपऱ्यावरचा दुकानदार काउंटरखालून काढून देतोच. राव एकेक कव्हर ओढत, बोटांनी चोळून उघडत (फुंकर मारली तर तोंडाची वाफ लागते), उकळतं सांबार त्यात ओतत आणि तोंडाला दोऱ्याचे वेढे देत. टम्म फुगलेली ती गाठोडी दारातल्या टोपलीत पडली की ओरगडमच्या कारखान्यांत जाणारी पोरं कंपनीची बस गाठता गाठता उचलून नेत.

रावांचं घराणं तंजावरचं मराठी. सांबार आमच्याच पूर्वजांनी दुनियेला दिलं, असं ते भेटेल त्याला सांगत. जो मान डोलावणार नाही त्याच्या कव्हरात शेवग्याची शेंग पडत नसे.

माणूस मोठा किळसखोर. लोकांच्या तोंडची थुंकी, बोटांची खरकटी, हॉटेलातले पेले या नुसत्या विचारानं त्यांच्या घशाशी यायचं. उष्ट्याला ते तमिळात एच्चिल म्हणत, तेही असं, की शब्दच ओकून टाकावा. महाराष्ट्रातून नोकरीला आलेल्या पुष्करनं एकदा स्टीलचा डबा पुढं केला, तर रावांनी तो चिमट्यानं धरून परत दिला. दहा तोंडांना लागलेलं भांडं माझ्या चुलीपाशी? कव्हर बरं. कोरं करकरीत, कुणी तोंड न लावलेलं. त्यांच्या लेखी कव्हराइतकं सोवळं भांडं जगात नव्हतं.

म्हणून लेकीचा डबाही बंद. शरण्या नववीत. शाळेत बाकावर सगळ्यांचे डबे एकमेकांना खेटून असतात म्हणताना तिचा सांबारभात रोज काळ्या नॉनस्टिक तव्यात गरम होऊन वाफाळता कव्हरात जायचा. तव्याचा काळा लेप खरवडून निघत चाललेला. पण त्याला खरकटं चिकटत नाही, याचंच रावांना कौतुक. त्यांची बायको रंजनी एग्मोरच्या कचेरीत जायची. ती म्हणे, पोरीचं पोट सुटत चाललंय, शाळेत तिला गुंडू म्हणून चिडवतात. राव म्हणत, घरचं खाणारी पोर अशीच भरलेली दिसते.

मग त्या आठवड्यात शरण्यानं ग्राइंडरचं भांडं उचललं आणि तिचं मनगट कट्‌कन मोडलं. पडली नाही, झडली नाही. दोन वर्षांत हे दुसरं हाड.

हाडांची डॉक्टर देविका नावाची, नाशिककडची. मराठी ऐकून रावांना बरं वाटलं. तिनं हाडांचा स्कॅन पाहिला, पोरीच्या पोटाचा घेर मोजला, आणि काय खाते ते विचारलं. राव छाती काढून बोलले. बाहेरचा घास नाही. हॉटेल नाही. एच्चिल नाही. सगळं सोवळ्यातलं, कोऱ्या कव्हरातलं.

डॉक्टरचं पेन थांबलं.

"उकळतं ओतता, काका?"

"मग काय, गार करून ओतूं?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. या वयात हाडं भरतात, म्हणाली. आता भरली नाहीत तर पुढं भरून काढणं फार कठीण. प्लास्टिक मऊ करायला त्यात जे घालतात, तव्याचा लेप बनवताना जी रसायनं वापरतात, त्यांतली काही अंगात शिरतात आणि शरीराच्या हार्मोनच्या कामात लुडबूड करतात. ती जास्त असलेल्या पोरांत चरबी वाढलेली, हाडं विरळ, असं काही अभ्यासांत दिसलंय.

"तुमच्या मुलीचं हाड यानंच मोडलं, असं मी छातीठोक सांगणार नाही. ऊन, दूध, खेळ, सगळंच यात येतं. पण एवढं तरी तुमच्या हातात आहे. बंद करा. वर्षानं पुन्हा स्कॅन करू."

घरी आल्यावर राव सकाळच्या टोपलीपाशी गेले. एक गाठोडं कुणी न नेलेलं पडून होतं. त्यांनी दोरा सोडला. सांबार पातेल्यात उपडं केलं, कव्हर नळाखाली धरलं, साबणानं चोळलं, पुन्हा चोळलं. केशरी डाग हटेना. प्लास्टिक मऊ, चिकट, एखाद्या सोललेल्या कातड्यासारखं बोटांना लगटत होतं. नाकाशी नेलं तर नव्या चपलेचा वास. कव्हरानं सांबार प्यायलं होतं. मग सांबारानं काय प्यायलं?

राव मोरीत वाकले, पण ओकारी होईना. नुसतं आंबट पाणी. कुठल्याशा कारखान्याच्या पिंपातलं, नाव नसलेलं काहीतरी, रोज आपल्या हातानं, मंत्र पुटपुटत, पोरीच्या पोटात ओतलं होतं.

शरण्या प्लास्टरातला हात सांभाळत दाराशी उभी राहिली.

"अप्पा, काय झालं की?"

"दुनियेचं उष्टं नोको म्हटलं, कण्णा," राव तोंड पुसत म्हणाले, "आणीक तुला कंपनीचं उष्टं घातलं."

गठ्ठा खिळ्यावरून गेला, तवा भंगारात. पोरांना निरोप गेला: ज्याला सांबार हवं त्यानं आपला स्टीलचा डबा आणावा, आदल्या रात्री ठेवून जावा. निम्मी पोरं कुरकुरत दुसऱ्या खाणावळीत गेली. रंजनीनं पानातल्या फणसाच्या भाजीकडं बघत विचारलं, आता तुमच्या मडीचं, सोवळ्याचं कसं?

पुष्कर डबा ठेवून गेला. सकाळी झाकण उघडताच राव तिथंच मागं सरले. डबा धुतलेला नव्हता. तळाशी अंड्याच्या रश्श्याचं पिवळं वाळून बसलेलं, कडेला दात उमटलेली अर्धी चपाती. शरण्यानं बघितलं, आणि मोडलेल्या हाताचं विसरून खदखदून हसली.

"चिमटा देऊं, अप्पा?"

राव तिच्या हाताकडं पाहत राहिले. प्लास्टरवर तिच्या मैत्रिणींनी पेनानं गुंडू लिहिलेलं. मग त्यांनी तिला आधी गच्चीवर उन्हात जाऊन बस म्हणून हाकललं. नाक बाजूला वळवून डबा उघड्या हातानं उचलला, मोरीशी उकिडवे बसले, तळात चिंचेचा चोथा टाकला आणि घासायला लागले.