सातवी शेंग

ग्लेनिस प्रॉसर गावच्या उन्हाळी प्रदर्शनात मांडवाची कारभारीण होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि चौदा वर्षांत तिच्याविरुद्ध एकच लेखी तक्रार आली होती. ती पाद्रीबाबांची. त्यांचा रास्पबेरी जॅमचा केक साडेदहा वाजून एका मिनिटाने तंबूच्या दाराशी पोहोचला, आणि ग्लेनिसने तो आत घेतला नाही. चर्चच्या घड्याळात अजून साडेदहा व्हायचे आहेत, असं पाद्रीबाबांनी केक सांभाळत सांगून पाहिलं. त्यावर ग्लेनिस म्हणाली की त्या घड्याळावर देवाचा विश्वास असेल, समितीचा नाही. केक परत गेला, आणि पुढच्या वर्षी पाद्रीबाबा नऊ वाजताच येऊन बसले.

अशी बाई. नियमपत्रकात 'पाच टोमॅटो, देठासकट' असं लिहिलेलं असेल तर पाचही देठ हिरवे उभे आहेत की नाही, हे ती वाकून बघायची. नवऱ्याच्या ताटलीकडे मात्र ती ढुंकूनही बघत नसे. आयव्हर प्रॉसर दरवर्षी घेवड्याच्या शेंगा मांडायचा आणि दरवर्षी दुसरा यायचा. तो दुसरा येतो हेही ग्लेनिसला दोन वाजता इतर लोकांबरोबरच कळायचं, असं तिचं म्हणणं असे. परीक्षकाच्या मागे निकालाच्या कार्डांची पेटी घेऊन तीच फिरायची, तेव्हा हे म्हणणं खरं असणं अवघड होतं. पण गावात तिला कुणी तसं विचारलं नाही.

यंदा मात्र तिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याचं कारण शेंगा नव्हत्या.

आयव्हर सव्वीस वर्षं गावच्या क्रिकेट संघाचा गुणलेखक होता. मैदानाच्या कडेला जी हिरवी लाकडी खोपटी आहे, तिच्यात बसून तो एकेक चेंडू वहीत टिपायचा. त्याच्या वहीवर पाहुण्या संघांनीही कधी शंका काढली नव्हती. पण या हिवाळ्यापासून त्याचं काहीतरी निसटायला लागलं. गाडी दुकानापाशी ठेवून तो चालत घरी आला. किटली रिकामीच चुलीवर चढवली, एकदा नाही, तीनदा. पाद्रीबाबांना आधीच्या पाद्रीबाबांच्या नावाने हाक मारली. पण ते सगळं गावच करतं, म्हणून ग्लेनिसने ते धरलं नाही. आणि मग मे महिन्यातल्या एका सामन्यात त्याच्या वहीतली बेरीज चार धावांनी चुकली. संघाचा कप्तान गॅरेथ बीव्हन हा पस्तिशीतला मुलगा, आयव्हरच्याच हाताखाली बॅट धरायला शिकलेला. तो काही बोलला नाही. पण त्याने फोनवर गुण टिपायला सुरुवात केली, आणि "पुढच्या हंगामाचं एकदा बसून बोलू," असं म्हणाला. ते बोलणं अजून झालं नव्हतं. ग्लेनिसला रोज वाटायचं, आज होणार.

तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागे मागे फिरत होती. तो खोलीतून बाहेर पडला की ही आत शिरून दिवा, नळ, गॅस बघायची. तो कोट चढवू लागला की खिसे चाचपायची. आयव्हरला हे दिसत होतं की नाही, कोण जाणे. तो फक्त इतकंच म्हणायचा, "सापडलं का काही?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्याने ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या शेंगा आणल्या. टॉवेलमध्ये रात्रभर ताणून ठेवल्या म्हणजे त्या सरळ राहतात. यंदाच्या शेंगा खरोखरच फूटपट्टीसारख्या होत्या. त्या ताटलीत मांडल्या, सगळ्यांची शेपटं एका दिशेला केली, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की तुझी गाडी फुलवाल्यांच्या वाटेत आहे. आयव्हर गाडी हलवायला गेला. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

ग्लेनिस तिथून चालली होती. ताटलीशेजारी टॉवेल तसाच पडलेला, आणि टॉवेलच्या घडीतून एका शेंगेचं टोक बाहेर आलेलं.

एरवीच्या वर्षी तिला तत्काळ कळलं असतं. शेंग मांडणारा कुणीही एखादी जादा आणतोच. ऐन वेळी एखादी मोडली तर हाताशी असावी म्हणून. पण या वर्षी तिच्या मनात दुसरंच आलं: विसरला. इकडेतिकडे पाहून, आणि कारभारीण नवऱ्याला मदत करते असं कुणी म्हणू नये म्हणून मान चक्क दुसरीकडे फिरवून, तिने ती शेंग ताटलीत सरकवली. टॉवेल गुंडाळून बाकाखाली टाकला. तेवढ्यात अंड्यांच्या टेबलावर भांडण लागलं, आणि ती तिकडे धावली. साडेदहाला तंबू बंद झाला.

परीक्षक थॅकवे हे शेजारच्या खोऱ्यातले, उंच आणि अतिशय सावकाश माणूस. परीक्षकाच्या मागे चालणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, आणि तंबूत परीक्षक जे बोलेल ते तंबूतच ठेवायचं, असा रिवाज आहे. ग्लेनिस मुकाट्याने मागे होती. कांदे झाले, बटाटे झाले, आणि थॅकवे शेंगांच्या बाकापाशी आले. आयव्हरच्या ताटलीतली एक शेंग उचलून त्यांनी वाकवली. ती कट्कन मोडली. थॅकवेंनी मोडलेले तुकडे नाकाशी नेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद आला. मग तुकडे ताटलीत परत जुळवून त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं.

"सात," ते म्हणाले.

ग्लेनिसच्या पायाखालची हिरवळ सरकली. नियमपत्रकात 'सहा' असं स्पष्ट होतं; ते पत्रक तिनेच तपासून छापायला दिलं होतं.

थॅकवेंनी चष्मा काढला, आणि तिच्याकडे पाठ करून तो पुसत उभे राहिले. फार वेळ पुसला. त्यांनी ते मुद्दाम केलं की काय, हे तिला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ताटली हाताच्या अंतरावर होती. त्यांच्या वहीत अजून काही उमटलं नव्हतं. शेंग एप्रनच्या खिशात टाकायला दोन सेकंद लागले असते. तिचा हात पुढे गेला नाही असं नाही, तो गेला. मग तिने तोच हात खिशात कोंबला, आणि थॅकवे वळेपर्यंत तिथेच आवळून धरला.

"वाईट वाटतं हो," थॅकवे म्हणाले, "या बाकावर याच्या जवळपास येणारं काही नाही. पण नियम आहे."

ग्लेनिसने पेटीतून 'नियमाबाहेर' असं छापलेलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड डग मेरिडिथच्या शेंगांना गेलं. त्या कमरेत जरा वाकलेल्या होत्या, पण सहाच होत्या.

बारा ते दोन तिला बसवेना. दोन वाजता दार उघडलं की आयव्हरला फाटकापाशीच गाठायचं, आणि आत शिरण्याआधी सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. काय सांगायचं ते तिने मनात सात-आठ तऱ्हांनी जुळवलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट झालं. दोनला पाच मिनिटं असताना चहाच्या तंबूतली वीज गेली. सगळ्यांनी मिळून ग्लेनिसलाच हाक मारली, कारण फ्यूज कुठे आहे हे फक्त तिला माहीत होतं. ती परत आली तेव्हा शेंगांच्या बाकापाशी पाच-सहा जण गोळा झाले होते, आणि मधोमध आयव्हर.

"आयव्हर," डग मेरिडिथ म्हणत होता, "तुझ्या षटकात सात चेंडू कधीपासून पडायला लागले?"

हशा झाला. आयव्हर ताटलीकडे बघत होता. सहा शेंगांची शेपटं डावीकडे होती आणि सातवीचं उजवीकडे. त्याने मान वर केली, गर्दीच्या मागे उभी असलेली ग्लेनिस त्याला दिसली, आणि त्याचा चेहरा क्षणभर अगदी शांत झाला. त्याला कळलं होतं.

"एक वाइड होता," तो डगला म्हणाला.

पुन्हा हशा. ग्लेनिस पुढे झाली, तसा तो तिला बोलूच न देता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मोजायला चुकलो, झालं. वय झालं आता."

लोक हसतच होते. फक्त एक जण हसला नाही. गॅरेथ बीव्हन हातातलं आईस्क्रीम वितळू देत त्या ताटलीकडे बघत उभा होता. 

साडेतीनच्या सुमाराला तो चहाच्या तंबूत आला. आयव्हर कोपऱ्यातल्या टेबलापाशी होता आणि ग्लेनिस त्याच्या शेजारी. गॅरेथने कप बशीत तीनदा फिरवला.

"मिस्टर प्रॉसर, उद्याच्या सामन्याला तुम्ही जरा विश्रांती घ्या. फोनवर होतंय सगळं."

"बरं," आयव्हर म्हणाला.

नुसतं 'बरं'. सव्वीस वर्षांचं काम एका शब्दात सुटलं. ग्लेनिसने हातातली सुरी केकमध्येच सोडली.

"गॅरेथ, ती सातवी शेंग मी ठेवली."

गॅरेथने तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की तिला ओरडावंसं वाटलं. "कळतं मला, मिसेस प्रॉसर," तो म्हणाला.

"काय कळतं तुला? मी ठेवली, माझ्या या हाताने."

"हो ना. माझी आईपण वडिलांच्या चुका अशाच स्वतःवर घ्यायची."

तिने आयव्हरकडे पाहिलं, की आता तरी हा तोंड उघडेल. आयव्हर टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होता. बायकोला खोटं पाडायचं नाही आणि स्वतःचं खोटं मागेही घ्यायचं नाही, असा त्याचा तो उद्योग चालला होता. पाद्रीबाबांचा केक परत पाठवणारी ग्लेनिस प्रॉसर नवऱ्याच्या ताटलीला हात लावेल, यावर गावात कुणाचाही विश्वास बसणार नव्हता. इतकी वर्षं जपलेल्या नावाचा आज तिला हा उपयोग झाला.

ती उठली. बाहेर गवतावर बक्षीस समारंभ सुरू झाला होता आणि कर्नलसाहेबांची विधवा सर्वात लांब गाजराचा चषक देत होती. ग्लेनिस सरळ चालत गेली, सचिवांच्या हातातून माईक घेतला, आणि कारभारीण म्हणून सूचना देताना जो आवाज लावायची त्याच आवाजात बोलू लागली. दुसरा आवाज त्या क्षणी सापडेना.

"वर्ग क्रमांक चौदा, घेवड्याच्या शेंगा. मिस्टर प्रॉसर यांनी सहाच शेंगा मांडल्या होत्या. सातवी शेंग दहा वाजून बावीस मिनिटांनी मुख्य कारभारणीने ठेवली. त्या ताटलीला हात लावायचा तिला अधिकार नव्हता. परीक्षकांचा निर्णय बरोबर आहे आणि तो कायम राहील." इथे तिचा श्वास संपला. "तिने मोजल्या नाहीत," ती म्हणाली. "त्याने मोजल्या होत्या."

माईक परत देताना तो किंचाळला.  मग सचिव म्हणाले, "सर्वात लांब गाजर, दुसरा क्रमांक," आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

गॅरेथ तंबूच्या दाराशी उभा होता, कान लाल झालेले. आयव्हर त्याच्या जवळून जाताना तो घाईने म्हणाला की उद्या या, मिस्टर प्रॉसर. वहीपण ठेवू, फोनपण ठेवू, आणि सामना संपला की दोन्ही ताडून बघू. आयव्हरने मान डोलावली.

घरी जाताना तो रागावलेला होता. शेताच्या कडेने दोघं चालले होते, आणि तो एरवीपेक्षा भराभर पावलं टाकत होता.

"तीनदा मोजल्या होत्या मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मला वाटलं, विसरलास."

कुंपण ओलांडायच्या पायऱ्या आल्या, तशी त्याने सवयीने तिला हात दिला. ती पलीकडे उतरल्यावरही त्याने तो सोडला नाही.

"शेंगा नाही विसरलो," तो म्हणाला. "मे महिन्यातल्या त्या चार धावा मात्र माझ्याच चुकल्या. तेव्हा माझं डोकं कुठे गेलं होतं, मला अजून सापडलेलं नाही. पण ते मला बघू दे, ग्लेन. तू माझ्या आधी जाऊन बघत जाऊ नकोस."

ती हो म्हणाली. हो म्हणणं सोपं होतं. पाळणं किती अवघड, ते दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी कळलं.

आयव्हर वही बगलेत मारून पाऊण वाजता मैदानावर गेला. फाटक वाजलं, आणि ग्लेनिसला स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची पेन्सिल दिसली. टोक काढलेली, नवी. तिने ती उचलली आणि दारापर्यंत गेली. मग परत येऊन जिथे होती तिथे ठेवली, थोडी तिरकी होती तशीच तिरकी. त्याच्याकडे दुसरी असेल. कुणाची तरी मागून घेईल. किंवा नसेल, आणि गॅरेथ बीव्हन मायेने आपला फोन पुढे करेल. मैदान इथून चार मिनिटांवर होतं, धावत गेलं तर अडीच. तिने धुतलेले कप पुन्हा धुतले. खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली. खिडकीतून फक्त चर्चचा कळस आणि प्रदर्शनाचा अर्धा उतरवलेला तंबू दिसत होता.

तीनच्या सुमाराला मैदानावरून टाळ्यांचा आवाज आला. कुणाचा तरी चौकार गेला असावा. तो कुणी टिपला आणि कशाने, हे कळायला सहा वाजणार होते. ग्लेनिसने घड्याळाकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून पुन्हा बसली.