आपाची लाल चौकट

वेबसाइटचं पान मोडलं की आम्ही बाकीचे घाबरून दहा ओळी बदलायचो. आपा एकच ओळ लिहायची. ज्या भागाची तक्रार असेल त्याला जाड लाल चौकट घालायची. चौकट दिसली नाही, तर म्हणायची, "तुमचं सांगणं त्याच्यापर्यंत पोचलंच नाय. मग तो ऐकणार कसा?"

महाप्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळे तिला आपाच म्हणत, म्हणजे मोठी बहीण. खरं तर ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मुलं मोठी झाल्यावर कोर्स करून मी चाळिशीत नोकरीला लागले होते, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. परत घरी बसायची मला लाज वाटत होती. आपा मला ताई म्हणायची, खुर्ची ओढून शेजारी बसायची, पण माझ्या कीबोर्डला कधी हात लावायची नाही.

पहिल्याच महिन्यात, मोबाइलवर पान कसं दिसावं याचा मी लिहिलेला नियम लागू होईना. पडदा लहान केला तरी तीन रकाने एकमेकांना चिकटून तसेच. दोन दिवस मी नुसते आकडे बदलत बसले. आपाने मला फाईल वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायला लावली. मोबाइलचा नियम मी वर लिहिला होता आणि नेहमीचा खाली. खालचा वरच्याला पुसून टाकत होता. "शेवटी बोलतो त्याचं चालतं, ताई," ती हसली. "आमच्याकडे अम्मीचं."

एका गोष्टीवर मात्र ती चिडायची. नियम ऐकत नसला की मी त्याच्यापुढे 'इम्पॉर्टंट' लिहून मोकळी व्हायचे. मग तो बाकीच्यांना दाबून लागू होतो. "हे ओरडणं झालं," ती म्हणायची. "समजावणं नाय."

दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची साइट दाखवायच्या दिवशी मी तेच केलं. मोबाइलवर मेनूतलं एकच बटण लपवायचं होतं. त्या बटणाचं नाव लिहायचं सोडून मी नुसतं 'बटण' लिहिलं, पुढे 'इम्पॉर्टंट' ठोकलं आणि आपाला न दाखवता फाईल चढवली. मीटिंगमध्ये बाईंनी स्वतःचा फोन काढला. पानावर एकही बटण नव्हतं. अपॉइंटमेंट घ्यायची कुठून?

त्या गेल्यावर सरांनी विचारलं, "ही फाईल कोणाकडे होती?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. माझ्याकडे एकदा बघून आपा म्हणाली, "माझ्याकडे."

टीममधून एकाला कमी करायचं घाटत होतंच. आठवड्याभरात तिला जायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी तिने मला बोलावून स्क्रीन दाखवली. कुठली ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, हे त्या फाईलीत नोंदलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. त्या ओळीपुढे माझं नाव होतं.

"सरांना नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"नाय," बॅग आवरत ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी सांगाल."

त्याच महिन्यात मी कायम झाले. घरी पेढे आणले, सोसायटीत वाटले. आपा करंजाड्याला राहते. पत्ता माझ्याकडे आहे. जाऊन सगळं बोलावं असं पुष्कळदा मनात येतं.

अजून गेलेले नाही. सरांनाही सांगितलेलं नाही.